मोबाईलला जमिनीखालचं पाणी दिसतं का? बोअर मारण्याआधीचा ‘करंटचा सर्व्हे’ नेमका काय असतो

प्ले स्टोअरवर ‘वॉटर डिटेक्टर’ असं टाकून बघा. मोबाईल हातात धरून रानातून चालायचं, सुई हलली की खाली पाणी, असं सांगणारी ॲप्स सापडतील. आमच्या कोल्हापूर भागात उन्हाळा लागला की असल्या ॲपची लिंक ग्रुपवर फिरायला लागते आणि मला विचारणा होते, “हे चालतंय का?”

नाही चालत. कारण साधं आहे. मोबाईलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो आणि बहुतेक ॲप्स त्याचाच आकडा सुईवर दाखवतात. पाण्याचा चुंबकावर होणारा परिणाम इतका नगण्य आहे की शंभर फूट खालचं पाणी सोडा, टाकी भरून शेजारी ठेवली तरी मोबाईलला पत्ता लागणार नाही. सुई हलते ती खिशातल्या चाव्यांमुळे, गाडलेल्या लोखंडी पाइपमुळे, नाहीतर आपल्या काळ्या दगडामुळे, कारण बेसॉल्टमध्ये लोहाची चुंबकीय खनिजं असतात.

मग भूवैज्ञानिक लोक चार सळ्या आणि वायरची रिळं घेऊन येतात ते काय करतात? त्याला विद्युत रोधकता सर्वेक्षण म्हणतात, गावात सरळ ‘करंटचा सर्व्हे’. ही पद्धत खरी आहे, शंभर वर्षांहून जुनी आहे. पण तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही हे कळलं नाही तर त्यातही पैसे जातात.

चार सळ्या, एक बॅटरी

नववीच्या विज्ञानातला ओहमचा नियम आठवा. विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध. इथे तारेच्या जागी जमीन आहे, एवढाच फरक.

एका सरळ रेषेत चार सळ्या ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून, त्यांना ए आणि बी म्हणू, जमिनीत करंट सोडतात. आतल्या दोन सळ्यांमध्ये, म्हणजे एम आणि एनमध्ये, किती विभवांतर तयार झालं ते मोजतात. कॉनराड श्लुम्बर्जे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास जमिनीत करंट सोडून खालचं ओळखायचे प्रयोग केले. त्याआधी त्याने पॅरिसमध्ये बाथटबात माती-दगड भरून हेच करून पाहिलं होतं. त्याला हुडकायची होती खनिजं. पुढे त्याच्या नावाची कंपनी तेलविहिरींच्या धंद्यात जगभर पसरली. त्याच काळात अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी सळ्या समान अंतरावर ठेवायची पद्धत मांडली. आजही सर्व्हेवाल्याला विचारलं की तो ‘श्लुम्बर्जे’ किंवा ‘वेनर’ असंच उत्तर देतो.

एक उदाहरण करून बघू. बाहेरच्या सळ्या मध्यापासून २०-२० मीटरवर, आतल्या २-२ मीटरवर. १०० मिलिअँपिअर करंट सोडला आणि आत १२ मिलिव्होल्ट मिळाले. म्हणजे रोध ०.१२ ओहम. याला सळ्यांच्या अंतरावरून निघणाऱ्या एका गुणकाने गुणायचं. २० चा वर्ग वजा २ चा वर्ग, म्हणजे ३९६. त्याला पायने गुणून आतल्या सळ्यांमधल्या ४ मीटर अंतराने भागलं की साधारण ३११ येतात. ३११ गुणिले ०.१२ म्हणजे सुमारे ३७ ओहम मीटर. सर्व्हेवाल्याच्या वहीत हाच आकडा लिहिला जातो.

हा आकडा एका थराचा नसतो. करंट ज्या ज्या थरांतून गेला त्या सगळ्यांची मिळून खिचडी असते. म्हणून बाहेरच्या सळ्या टप्प्याटप्प्याने लांब नेत जातात. त्या जेवढ्या लांब, करंट तेवढा खोल शिरतो. प्रत्येक अंतराला एक आकडा मिळतो, त्यांचा आलेख होतो आणि आलेखावरून खाली कोणते थर किती जाडीचे असतील याचा अंदाज बांधतात. म्हणजे सर्व्हेत सळ्या ठोकणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं आलेख वाचण्यात आहे.

यंत्र पाणी मोजत नाही

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. यंत्र रोधकता मोजतं, पाणी नाही. पाणी असेल ही आपण काढलेली अटकळ असते.

अटकळ अशी की कोरडा कठीण खडक करंट सहज जाऊ देत नाही आणि भेगांत-छिद्रांत पाणी भरलेला खडक जाऊ देतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये साधारण असं दिसतं की अखंड काळ्या पाषाणाची रोधकता ७० ओहम मीटरच्या वर, पुष्कळदा शेकड्यांत असते. झिजलेला, भेगाळ, पाणी भरलेला दगड साधारण २० ते ७० मध्ये येतो. भागानुसार हे आकडे सरकतात, पण अंदाजाला पुरे.

आता गोची बघा. काळी चिकण माती ५ ते १० ओहम मीटर दाखवते. ती पाणी धरून ठेवते, पण सोडत नाही, त्यामुळे बोअरला तिचा काही उपयोग नाही. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी विटकरी लाल मातीसारखा थर असतो, विहीर खोदणाऱ्यांच्या ओळखीचा. तोही चिकणमातीचाच, त्यामुळे रोधकता एकदम कमी. आणि शिरोळकडे जा. तिथे उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून कितीतरी जमिनी क्षारपड झाल्यात. खारं पाणी करंट फार सहज वाहून नेतं. तिथे आकडा खाली आला म्हणजे गोड पाणी गवसलं असं समजणं म्हणजे मिठाच्या पाण्यासाठी बोअर मारणं.

म्हणजे रोध कमी म्हणजे पाणी, हे समीकरण धरून चालणारा माणूस तुम्हाला मातीवर बोअर मारायला लावू शकतो. शिवाय आलेखाची स्वतःची एक अडचण आहे. १० मीटर जाडीचा २० ओहम मीटरचा थर आणि ५ मीटर जाडीचा १० ओहम मीटरचा थर, हे दोन्ही वरून मोजताना जवळपास सारखेच दिसतात. त्यातला पहिला पाणीवाला भेगाळ दगड असू शकतो आणि दुसरा लाल माती. कोणता खरा हे यंत्र सांगत नाही. ते सांगतात आजूबाजूच्या विहिरी. म्हणून चांगला भूवैज्ञानिक सळ्या ठोकायच्या आधी शेजारच्या चार विहिरींत डोकावतो, दगड बघतो, “उन्हाळ्यात पाणी किती खाली जातंय?” असं विचारतो. तसं न करता थेट गाडीतून मशीन काढणाऱ्याबद्दल मला शंका येते.

एवढा पाऊस, तरी बोअर कोरडा कसा?

गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. २०१९ आणि २०२१ ला अख्ख्या जिल्ह्याने महापूर बघितला. तरी डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर एप्रिल-मे महिन्यात पाण्याचे हाल होतात, कारण आपल्या दगडात साठवायची जागाच कमी आहे. झिजलेल्या बेसॉल्टच्या शंभर घनफुटांतून एक ते तीन घनफूट पाणी सुटतं, अखंड पाषाणातून जवळपास शून्य. पन्हाळ्यासारख्या माथ्यावर जांभा आहे. त्यात पाणी पटकन मुरतं आणि उतारावरच्या झऱ्यांतून पटकन निघूनही जातं.

हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर रचलेला. थराचा वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र, मधला घट्ट. पाणी मिळतं ते झिजलेल्या वरच्या पट्ट्यात, थरांच्या सांध्यात आणि उभ्या-आडव्या भेगांत. त्यामुळे दोन बोअर पन्नास फुटांवर, एकाला दोन इंची पाणी आणि दुसऱ्यातून नुसता धुरळा, असं होतं. त्यात नशिबाचा भाग नाही, भेग एकाला लागली आणि दुसऱ्याला लागली नाही.

“अजून खाली गेलं की पाणी लागतंयच” हे वाक्य ऐकलं की मला कोयना आठवतं. तिथे भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली. रासाटीच्या छिद्रात बेसॉल्ट संपायला सुमारे ९३३ मीटर लागले, म्हणजे तीन हजार फुटांच्या वर, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना कठीण खडक. तळाशी पाण्याचा समुद्र वगैरे काही नाही. उलट खाली जाल तशा भेगा वरच्या वजनाने आवळत जातात. बोअरच्या गाडीचा दर मात्र फुटावर असतो आणि खोली वाढेल तसा वाढत जातो, त्यामुळे खाली जायचा सल्ला कोण देतंय तेही बघा. (आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्या तमिळनाडूच्या तिरुचेंगोडेच्या. त्या गावाचा हाच मोठा धंदा आहे.)

दोरी किती लांब टाकली?

सर्व्हेवाला खरं बोलतोय का हे तपासायची सोपी युक्ती सांगतो. यासाठी मोबाईलचा कॅल्क्युलेटर पुरेल.

सर्व्हे किती खोल बघू शकतो हे बाहेरच्या दोन सळ्यांमधल्या अंतरावर ठरतं. ढोबळ मानाने त्या अंतराचा चौथा ते तिसरा हिस्सा. म्हणजे १०० मीटर खोल बघायचं तर सळ्या ३०० ते ४०० मीटर लांब न्याव्या लागतात, तेही सरळ रेषेत.

आता तुमचं रान १० गुंठ्यांचं आहे असं धरा. म्हणजे साधारण ३२ बाय ३२ मीटर. कोपऱ्यातून कोपऱ्यात रेषा टाकली तरी ४५ मीटर. त्यातून दिसणार ११ ते १५ मीटर, म्हणजे फार तर पन्नास फूट. आणि हातात कागद मिळतो, “३२० फुटांवर भरपूर पाणी.” हा आकडा त्या मोजणीतून येऊच शकत नाही. शेजाऱ्याच्या बांधावरून, पाणंदीवरून वायर न्यायला लागते, त्यासाठी आधी शेजाऱ्याशी बोलून ठेवायला लागतं. जो ही तसदी घेत नाही त्याचा ३२० कुठून आला हे विचाराच.

तेवढी लांब रेषा टाकली तरी “१८५ फुटांवर झरा” असं नेमकं सांगता येत नाही. साठ मीटर खाली असलेला एक मीटरचा पाणीवाला सांधा वरून मोजताना हरवून जातो. अरुंद उभी भेग तर सहज निसटते. प्रामाणिक अहवालात खोलीचा पट्टा असतो, “या पट्ट्यात भेगाळ दगड असण्याची शक्यता” अशी भाषा असते आणि कधीकधी “इथे बोअर घेऊ नका” असंही लिहिलेलं असतं. तो शेवटचा सल्ला ऐकायला आवडत नाही, पण पैसे खऱ्या अर्थाने तोच वाचवतो.

वाचनात घोळ घालणाऱ्या गोष्टीही आहेत. तारेचं कुंपण, गाडलेली पाइपलाइन, डोक्यावरून जाणारी हाय टेन्शन लाइन, शेजारी चालू असलेली मोटार. मे महिन्यात माती कोरडी ठणठणीत असली तर सळीच्या बुडात मिठाचं पाणी ओततात. ते पाहून फसवणूक समजू नका, करंट नीट शिरावा म्हणून ते करावं लागतं.

रंगीत नकाशावाली मशीन

हल्ली मोबाईल किंवा टॅबला जोडायची छोटी यंत्रं आलीत. पाच मिनिटांत निळा-हिरवा-लाल नकाशा दिसतो, स्क्रीनशॉट लगेच व्हॉट्सॲपवर. यातली बरीच यंत्रं स्वतः करंट सोडतच नाहीत. जमिनीत आपोआप असणारे नैसर्गिक विद्युतचुंबकीय संकेत मोजतात. पद्धतीला शास्त्रीय आधार आहे, पण ते संकेत बारीक असतात आणि विजेच्या तारांजवळ त्यात खूप गोंधळ शिरतो. मुख्य म्हणजे निळा रंग सॉफ्टवेअरने दिलेला आहे. निळं म्हणजे पाणी नव्हे, कमी आकडा. लाल माती आणि खारं पाणीसुद्धा तिथे तसंच दिसेल.

नारळ, कडुलिंबाची फांदी आणि पायाळू माणूस यांच्याबद्दल कमेंटमध्ये भांडण होणार हे माहीत आहे. एवढंच सांगतो. नदीकाठच्या, नाल्याकाठच्या झिजलेल्या दगडात जवळजवळ कुठेही बोअर घेतला तरी थोडं पाणी लागतं, आणि पाणाड्याची लागलेली बोअर गाव लक्षात ठेवतं, कोरडी विसरतं. तळहातावर नारळ उभा राहण्याचा आणि खालच्या दगडाचा संबंध अजून कुणी तपासून दाखवलेला नाही.

मोबाईल कुठे कामाला येतो

इथे तुमच्यासारख्या पोरांचा खरा उपयोग आहे. घरातली मोठी माणसं सर्व्हेवाला ठरवतील. तुम्ही त्याआधी एक दुपार काढा. अर्ध्या किलोमीटरमधल्या विहिरी आणि बोअर मॅपवर पिन करा. प्रत्येकाची खोली, पाणी किती फुटांवर लागलं, मे महिन्यात काय उरतं, गोड की मचूळ, केसिंग किती टाकलं, हे विचारून लिहा. कोरड्या बोअर मुद्दाम नोंदवा, त्यांची माहिती लोक आपणहून सांगत नाहीत. मग सॅटेलाइट नकाशा उघडा. इस्रोचं ‘भुवन’ फुकट आहे. नाला कुठे अचानक सरळ रेषेत वाहतो, झाडांची हिरवी पट्टी सरळ कुठे गेलीय ते बघा. अशा सरळ रेषा कधीकधी खालच्या भेगांमुळे असतात. हे सगळं भूवैज्ञानिकाच्या हातात ठेवलंत तर त्याचा आलेख कितीतरी नीट वाचला जाईल. असा माणूस मिळत नसेल तर राज्य सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

कायद्याचंही बघून घ्या. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत, आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन बोअर घेण्यावरही. ग्रामपंचायतीत आधी विचारा. गाडी रानात उभी राहिल्यावर विचारून उपयोग नसतो.

आणि ज्या दिवशी गाडी येईल त्या दिवशी नुसती रील काढू नका. प्रत्येक रॉड उतरला की बाहेर पडणाऱ्या चुऱ्याचा फोटो काढा, शेजारी किती फूट ते पाटीवर लिहून. रंग काळ्याचा लाल कुठे झाला, ओलावा कुठे आला, पाणी नक्की कितव्या फुटाला वाढलं, ही नोंद ठेवा. पाणी लागलं तर बॅरल किती सेकंदांत भरतं ते मोजा. बोअर कोरडी गेली तरी ही नोंद फुकट जात नाही. शेजारच्या रानात पुढच्या वर्षी कोणी सळ्या ठोकेल तेव्हा त्याचा आलेख याच फोटोंशी ताडून बघता येईल.