कैसरिया

इस्रायलच्या भूमध्य किनाऱ्यावरील प्राचीन रोमन बंदर, यहूदिया प्रांताची राजधानी व बायबलमधील नगर. तेल अवीव व हैफा यांच्या साधारण मध्यावर. हर्मोन पर्वताच्या पायथ्याचे फिलिप्पाचे कैसरिया हे स्थळ वेगळे. दोहोंत वारंवार गल्लत होते.

स्ट्रेटोचा बुरूज या जुन्या फिनिशियन ठाण्याच्या जागी हेरोद राजाने इ. स. पू. २२ च्या सुमारास नगर उभारण्यास घेतले व त्यास ऑगस्टस सीझरचे नाव दिले. येथील किनारा उघडा व वाळूचा. गलबतांना आडोसा देणारी खाडी नाही. म्हणून भर समुद्रात लाकडी साचे बुडवून त्यांत चुना, दगड व नेपल्सच्या परिसरातून जहाजांनी आणलेली ज्वालामुखीची राख यांचे मिश्रण भरले गेले. राखेमुळे हे मिश्रण पाण्याखालीही घट्ट होई. अशा रीतीने सेबास्तोस हे बंदर तयार झाले. जोसीफस या इतिहासकाराची वर्णने पुष्कळदा फुगवलेली असतात. त्याने केलेल्या या बंदराच्या वर्णनातील बराच भाग मात्र १९६० पासूनच्या सागरी उत्खननांनी खरा ठरविला. इतके करूनही बंदर फार टिकले नाही. वाळूचा तळ खचला, भूकंप व लाटांनी उरलेले काम केले. त्याचे बांध आज पाण्याखाली असून पाणबुड्यांसाठी तेथे मार्ग आखलेला आहे.

इ. स. ६ पासून रोमन अधिकारी येथूनच कारभार पाही. सणासुदीला तो जेरूसलेमला जाई. १९६१ मध्ये इटालियन पथकाला नाट्यगृहाच्या दुरुस्तीत वापरलेला एक दगड सापडला. त्यावर अशा रोमन अधिकाऱ्यांपैकी पंतय पिलात याचे नाव व ‘प्रीफेक्ट’ हे पद लॅटिनमध्ये कोरलेले आहे. पिलाताचा उल्लेख असलेला, त्याच्या हयातीतला हा एकमेव शिलालेख म्हणजे येथील सर्वांत मोलाचा शोध. मूळ दगड जेरूसलेमच्या इस्रायल संग्रहालयात असून स्थळावर प्रतिकृती आहे.

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांनुसार पेत्राच्या आज्ञेवरून शताधिपती कर्नेल्य याला येथे बाप्तिस्मा देण्यात आला, आणि पौल दोन वर्षे कैदेत राहून येथूनच रोमकडे रवाना झाला. इ. स. ६६ च्या यहुदी बंडाची ठिणगी येथील दंग्यांतून पडली. पुढे ऑरिजेन व यूसीबियस या ख्रिस्ती विद्वानांमुळे येथील ग्रंथालय नावाजले. सातव्या शतकात नगर अरबांकडे व ११०१ मध्ये क्रूसेडर्सकडे गेले. फ्रान्सचा राजा नववा लुई याने तट बांधले, तरी १२६५ मध्ये ममलूक सुलतान बायबर्सने ते घेतले. त्यानंतर वस्ती जवळजवळ उठली. दगड मात्र दुसऱ्या गावांच्या बांधकामांसाठी जात राहिले. १८८४ च्या सुमारास बोस्नियन मुसलमान येथे वसले. त्यांचे गाव १९४८ मध्ये ओस पडले.

अवशेष राष्ट्रीय उद्यानात आहेत : नाट्यगृह (उन्हाळ्यात मैफली), समुद्रालगतचे रथशर्यतींचे मैदान, राजवाडा, क्रूसेडर तट. कार्मेल डोंगराच्या पायथ्याचे पाणी आणणारा कमानींचा जलसेतू उद्यानाबाहेर, उत्तरेच्या वाळूवर आहे. तो विनाशुल्क पाहता येतो. वेळ थोडा असल्यास नाट्यगृह व जलसेतू एवढे तरी पाहावे.

आधुनिक कैसरिया ही सुमारे पाच हजार वस्तीची, सधन लोकांची नगरी. देशातील एकमेव पूर्ण आकाराचे गोल्फ मैदान येथे आहे.