उसना आवाज

संगणकाशी गप्पा मारायची सोय आता मोबाइलमधून घरोघर पोचली आहे. त्या गप्पांमधल्या पात्राला हवा तसा आवाज देता येतो. कुणाला आजीचा हवा असतो, कुणाला मास्तरांचा, तर कुणाला गोष्टीतल्या चेटकिणीचा. एखाद्या माणसाच्या बोलण्याचा छोटासा नमुना पुरवला, की तो कधीच बोलला नव्हता अशी वाक्ये यंत्र त्याच्या आवाजात बोलू लागते. मी पडलो कवी. कागदावरची कविता वेगळी आणि मुशायऱ्यात म्हटलेली वेगळी, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून आवाज घडवणाऱ्या माणसांचा इतिहास कुतूहलाने चाळला. तो वाटला होता त्याहून बराच जुना निघाला.

प्रेसबर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा. तिथल्या वोल्फगांग फोन केम्पेलेनने १७६९च्या सुमारास बोलणारे यंत्र करायला घेतले. फुप्फुसाच्या जागी भाता, कंठाच्या जागी पेटीत असते तशी थरथरणारी पत्ती आणि तोंडाच्या जागी एक लवचीक नरसाळे. ते हाताने कमी-जास्त झाकले, की स्वर बदलत. पत्ती एकच, त्यामुळे यंत्र एका पट्टीत, लहान मुलासारखे बोले. १७९१ साली त्याने या सगळ्यावर एक ग्रंथ लिहिला. पण याच गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारा पगडीवाला 'तुर्क' नावाचा बाहुलाही केला होता. त्याच्या पेटीत माणूस लपलेला असे! साहजिकच त्याचे खरे यंत्रही लोकांना लबाडीचे वाटले.

पुढचे दीडशे वर्षांचे प्रयोग बाजूला ठेवू. १९३९च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांचे 'व्होडर' बोलले. ते वाजवावे लागे. बोटांखाली पट्ट्या, मनगटाखाली दांडी, पायाशी स्वराचा चढउतार करणारे पायटे. ते वाजवणाऱ्या तरुणींना सुमारे वर्षभर शिकावे लागले. वर्षभराच्या रियाजानंतर एक वाक्य धड निघते, हे ऐकून आमचे गवई मित्र हसतील. नंतर संगणक आला. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतच त्याने एक गाणे म्हणून दाखवले.

मला सगळ्यात भावलेला माणूस मात्र डेनिस क्लॅट. अमेरिकेतल्या एमआयटीचा हा संशोधक. कंठातून निघालेला ध्वनी तोंडाच्या पोकळीत घुमतो आणि त्यातल्या काही कंपनसंख्या ठळक होतात. त्या आकड्यांत पकडल्या, की लिहिलेला मजकूर यंत्राला वाचता येतो. क्लॅटने हे नियम बांधले आणि त्यांवर उभे राहिलेले 'डेकटॉक' १९८४ साली बाजारात आले. त्यात एकच आवाज नव्हता, पात्रेच होती. 'परफेक्ट पॉल' हा त्याच्या स्वतःच्या आवाजावरून, 'ब्यूटिफुल बेटी' पत्नीच्या आणि 'किट' मुलीच्या आवाजावरून घडवलेला. आकडे बदलून नवे पात्रही करता येई. पट्टी किती, श्वास किती मिसळायचा, इतकेच नव्हे तर डोके केवढे, हेसुद्धा एका आकड्याने ठरे. डोके लहान केले, की मूल बोलू लागे. आज गप्पांच्या पात्रांचे आवाज घडतात त्याची मुळे मला इथे दिसतात.

आणि नियतीचा खेळ बघा. थायरॉइडच्या कर्करोगाने क्लॅटचा स्वतःचा आवाज विझत गेला. १९८८ साली, पन्नाशीतच, तो गेला. त्याचा आवाज मात्र तोवर दुसऱ्याच्या गळ्यात जाऊन बसला होता.

तो दुसरा म्हणजे स्टीफन हॉकिंग. १९८५ साली जिनिव्हात न्यूमोनिया झाला, प्राण वाचवण्यासाठी श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि उरलीसुरली वाणी गेली. त्यांना जे यंत्र मिळाले त्यात क्लॅटचाच 'पॉल' होता. पुढे अधिक चांगले, अधिक मानवी आवाज आले, पण हॉकिंगनी ते घेतले नाहीत. उच्चार अमेरिकन, माणूस इंग्रज, तरी जग त्यांना याच आवाजाने ओळखत होते. जुन्या यंत्राचे भाग मिळेनासे झाले, तेव्हा काही अभियंत्यांनी खटपट करून तोच आवाज नव्या, छोट्या संगणकावर उतरवला. २०१८च्या सुरुवातीला तो त्यांच्या हाती आला आणि मार्चमध्ये ते गेले.

याउलट शिकागोचे चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट. २००६ साली कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनी त्यांची वाचा गेली. त्यांना स्वतःचाच आवाज हवा होता. चित्रपटांच्या डीव्हीडींवर त्यांनी केलेली भाष्ये शिल्लक होती. एडिंबराच्या एका कंपनीने त्यातले ध्वनी वेचून त्यांचा आवाज बांधला आणि मार्च २०१० मध्ये तो दूरचित्रवाणीवर ऐकवला गेला. हॉकिंग बरोबर की एबर्ट? मला दोघेही पटतात. दोघांनीही स्वतः निवड केली होती.

सुझन बेनेट यांना ती संधी मिळाली नाही. २००५च्या जुलैत त्यांनी रोज तासन् तास वाक्ये वाचून दिली. ती कशासाठी, ते ठाऊक नव्हते. २०११ साली आयफोनवर 'सिरी' आली आणि आपण लाखोंच्या खिशातून बोलतो आहोत, हे त्यांना कळले. २०१६च्या 'वेव्हनेट'पासून नियमांची आणि तुकडेजोडीची जागा शिकणाऱ्या यंत्रांनी घेतली आणि नमुना तासांवरून सेकंदांवर आला. २०२४ साली ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एका तमिळ गाण्यात वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला, असे त्यांनी जाहीर केले. तरी मला चुटपुट वाटते. वारस घर देऊ शकतो, शेत देऊ शकतो, पण कोणते गाणे म्हणायचे नाही, हे गाणाऱ्यालाच ठाऊक. त्याच वर्षी अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले. नामवंतांना न्यायालय गाठता येते. वऱ्हाडातल्या कीर्तनकाराचा किंवा माझ्या मोहल्ल्यातल्या एखाद्या खालाचा आवाज कुणी उचलला, तर तिला कळणार तरी कसे?

मराठी पात्राला आवाज द्यायचा, तर आणखी एक अडचण आहे. आपली लिपी सगळे सांगत नाही. 'जरा थांब' मधला 'जरा' फारसीच्या वाटेने आलेला, दंतमूलाशी उच्चारायचा. 'जरामरण' मधली 'जरा' संस्कृत, तालव्य. 'माझा' आणि 'माझी' यांतला 'झ' एकच लिहितो, पण एक उच्चारत नाही. हे यंत्राला आकड्यांनी कळत नाही, त्याने ते बोलणाऱ्या माणसांकडूनच ऐकावे लागते. आणि पुण्याच्या एकाच निवेदकाला ऐकून ते शिकले, तर त्याची मालवणी आजी पुणेरी बोलेल आणि खानदेशी आजीही तशीच.