तिकिटाचा उगम आणि विनातिकीट प्रवास : मुंबईच्या नागरी वाहतुकीचा ऐतिहासिक मागोवा (१८७४ ते २०१४)

प्रस्तावना :
नागरी वाहतुकीच्या इतिहासलेखनात मार्ग, वाहने आणि व्यवस्थापन यांना विपुल स्थान मिळते. भाडे चुकविणारा प्रवासी मात्र दंडवसुलीच्या आकडेवारीपुरताच उरतो. वस्तुतः विनातिकीट प्रवास हा केवळ वैयक्तिक नीतिमत्तेचा विषय नाही. वाहतूक चालविणारी संस्था आणि प्रवासी यांच्यातील विश्वास कोणत्या आधारावर उभा आहे, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मुंबई शहराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

ट्राम आणि तिकिटाचा उगम :
मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे तिचे आरंभीचे मार्ग होते. कुलाबा ते पायधुणी या प्रवासाचे भाडे तीन आणे होते. परंतु प्रवाशाला तिकीट दिले जात नसे. ट्राम लोकप्रिय होऊ लागल्यावर भाडे दोन आण्यांवर आणण्यात आले आणि वाढत्या फुकट प्रवासास आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटे देण्यास प्रारंभ झाला. तिकीट ही आज वाहतुकीची स्वाभाविक खूण वाटते. मुंबईच्या ट्रामवर मात्र ती भाडेचुकवेगिरीवरील उपाय म्हणून अवतरली, ही बाब लक्षणीय आहे.

तिकिटाचे कार्य दुहेरी असते. प्रवाशाने भाडे दिल्याचा तो पुरावा असतो. त्याचबरोबर वाहकाने घेतलेल्या पैशांचा हिशेबही त्यावरून लागतो. तिकिटाविना किती प्रवाशांचे भाडे तिजोरीत पोहोचले हे पडताळण्याचे साधन कंपनीजवळ राहत नाही. म्हणजेच तिकिटाने प्रवाशाइतकीच नोकरावरही नजर ठेवली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आणि १९२६ मध्ये मोटारबस आली, तरी वाहक, तिकीट आणि तपासनीस ही त्रिस्तरीय रचना टिकून राहिली.

उपनगरी रेल्वेचे वेगळेपण :
३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि उपनगरी प्रवासाचे स्वरूप पालटले. बसमध्ये वाहक प्रवाशापर्यंत जातो. रेल्वेत प्रवाशाने स्वतः तिकीट खिडकीपर्यंत जावयाचे असे. स्थानके खुली, गाड्यांची वारंवारता मोठी आणि गर्दी प्रचंड असल्यामुळे डब्यात प्रत्येकाचे तिकीट पाहणे अशक्यप्राय ठरते. म्हणून तपासणी पुलांवर व फलाटांच्या तोंडाशी होते आणि तीही निवडक प्रवाशांची. मासिक पासामुळे रोजची रांग टळली खरी. परंतु नियमित उत्पन्न नसलेल्या माणसास महिन्याचे पैसे एकरकमी भरणे कठीण जाते, हेही विसरून चालणार नाही.

कायद्याची चौकट :
१८९० च्या रेल्वे अधिनियमाने फसवणुकीच्या हेतूने केलेला प्रवास आणि केवळ तिकीट नसणे यांत भेद केला. १९८९ च्या अधिनियमातही कलम १३७ व १३८ यांद्वारे हा भेद कायम राहिला. पहिल्यात सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. दुसऱ्यात भाडे आणि त्यावर अतिरिक्त आकार वसूल होतो. या आकाराची किमान रक्कम २००४ मध्ये ५० रुपयांवरून २५० रुपये करण्यात आली. प्रवास कोठून सुरू झाला याविषयी शंका असल्यास गाडी जेथून सुटली तेथपासूनचे भाडे आकारले जाते. अर्थात संशयाचा फायदा येथे प्रवाशास नव्हे, प्रशासनास मिळतो. शिवाय रक्कम न भरल्यास दंडाधिकारी कारावास फर्मावू शकतात. त्यामुळे हेतूच्या आधारे कागदावर केलेला भेद निर्धन प्रवाशाच्या बाबतीत व्यवहारात पुसट होतो. खिशात पैसे असणारा दंड भरून घरी जातो. नसणाऱ्यास तोच अपराध तुरुंगापर्यंत नेऊ शकतो.

यंत्र आणि विश्वास :
८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या स्वयंचलित दारांमुळे तपासणी प्रवासाच्या आधीच होऊ लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस उपनगरी रेल्वेसाठी मोबाइल तिकीट आले. परंतु तपासनीस दिसताच गाडीतून तिकीट काढले जाऊ नये, यासाठी स्थानकाच्या व रुळांच्या निकट परिसरात ते काढता न येण्याची व्यवस्था त्यात होती. साधन नवे असले तरी त्यामागील शंका १८७४ चीच होती.

निष्कर्ष :
विनातिकीट प्रवासाचे समर्थन करता येत नाही. त्याचा भार अंतिमतः प्रामाणिक प्रवाशावर आणि सार्वजनिक निधीवर पडतो. तथापि १८७४ मध्ये भाडेकपात आणि तिकीट या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, हे मननीय आहे. पुढील काळात तपासणीची साधने अधिकाधिक सूक्ष्म होत गेली. परवडणारे भाडे आणि तिकिटाची सुलभता यांचा विचार मात्र तपासणीपासून वेगळा पडला. भाडेचुकवेगिरीच्या अभ्यासात या दोन्ही बाजू एकत्र मांडल्या तरच दोषी कोण आणि असमर्थ कोण, हा भेद न्याय्यपणे करता येईल.