रुग्णाची रात्र

उंब्रजपाशीं तारळी नदी कृष्णेस मिळते, आणि गांवाला लागूनच पुणें-बंगळूर हमरस्ता जातो. त्यावर रात्रभर मालमोटारी धांवत असतात. तथापि गांवकऱ्यांची झोंप त्यामुळें मोडत नाहीं. त्याच गांवांतला एखादा गृहस्थ अपरात्रीं छातींत कळ येऊन साताऱ्यास किंवा कराडास हालविला, कीं मात्र एरव्हीं त्या गलबल्यांत खुशाल घोरणाऱ्या मनुष्याला दाराबाहेरची दोघांची कुजबूजही निजूं देत नाहीं. हें असें कां व्हावें, आणि आजाऱ्याच्या झोंपेची काळजी आजवर कोणी कितपत वाहिली, याचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. ज्यांनीं रुग्णालयांत एक रात्र काढली आहे, ते तरी या विषयाला क्षुल्लक म्हणणार नाहींत.

आपल्या जुन्या वैद्यकानें निद्रेला फार वरची जागा दिली होती. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असें चरकसंहिता मानते. निद्रेचे प्रकार सांगतांना तींत रात्रीच्या स्वभावानेंच येणारी निद्रा ही प्राणिमात्रांची धात्री म्हणून वेगळी काढली असून, रोगाच्या मागोमाग येणारी निद्रा निराळी गणली आहे. म्हणजे रोगी डोळे मिटून पडला एवढ्यानें त्यास विश्रांति मिळाली, असें तो ग्रंथकार समजत नव्हता. झोंप यावी म्हणून सांगितलेले उपायही पाहावे: अंगाला तेल, दूध, आवडते गंध, कानाला गोड लागणारे शब्द, मऊ शय्या. अर्थात् हे सारे उपचार घरच्या खोलींतले.

पुढें रुग्णालयें आलीं. पुण्याचें ससून १८६७ सालीं उघडलें; मिरजेस डॉ. वान्लेस यांनीं १८९४ मध्यें मिशनचें रुग्णालय सुरू केलें. एका लांब दालनांत खाटांच्या दोन रांगा मांडण्याची त्या काळची पद्धत देखरेखीस सोयीची खरी. पण एकाला खोकल्याची उबळ आली कीं साऱ्यांचीच झोंप जाई. नवल हें, कीं ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं या रचनेचा पुरस्कार केला, त्यांनींच १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत रोग्याच्या झोंपेचा कैवार घेतला आहे. आवाज मोठा कीं लहान हा प्रश्न त्यांना गौण वाटे. ज्या आवाजानें मनांत शंका किंवा अपेक्षा उभी राहते, तो रोग्याला अधिक छळतो, असें त्यांचें मत होतें. दाराआडची कुजबूज आणि परिचारिकेच्या घोळदार झग्याची सळसळ या दोहोंवर त्यांचा सारखाच रोष होता. नुकता डोळा लागलेल्या रोग्याला उठविलें तर त्याची रात्र गेली. कांहीं तासांनीं उठविलें तर तो पुन्हां निजूं शकतो, हेंही त्यांनीं नोंदून ठेविलें आहे. उंब्रजच्या गृहस्थाचें कोडें येथें सुटतें. मालमोटारीशीं त्याचें देणेंघेणें नसतें. कुजबूज त्याच्याविषयींच चाललेली असते.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला व पुढें पुणें-सातारा भागांत पसरला. रोग्यांना गांवाबाहेरच्या तात्पुरत्या छपरांत हालवीत. ज्वर चढला कीं रोगी बरळे, उठून पळूं पाही. आपले लोक त्यास वात झाला असें म्हणत. पुण्यांत अशा रोग्यांची सेवा करतां करतांच सावित्रीबाई फुले यांना रोगानें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. सोजिरांनीं घेतलेल्या झडत्यांविषयीं आम्हीं पुष्कळ वाचलें आहे. घरच्या माणसांपासून तुटून परक्या छपराखालीं काढलेल्या त्या रात्रींविषयीं मात्र आमच्या वाचनांत फारसें आलेलें नाहीं.

१२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं ससूनमध्यें गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया चालू असतां वीज गेली, व कर्नल मॅडॉक यांनीं ती कंदिलाच्या उजेडांत पुरी केली. आतां गाऱ्हाणें उलट आहे: दिवा मालवतच नाहीं. १९५२ सालीं कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हां विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें हातानें फुगा दाबून शेंकडों रोग्यांचा श्वास चालू ठेविला, आणि तेथूनच आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम झाला. या विभागानें असंख्य प्राण वांचविले, याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु तेथील रोग्याची झोंप मेंदूच्या विद्युत्-आलेखावर मोजूं लागल्यावर असें दिसलें, कीं दिवसरात्र मिळून तास कदाचित् भरतात, पण त्यांतला जवळजवळ अर्धा भाग दिवसा तुकड्यातुकड्यांनीं पडतो, आणि गाढ निद्रा व स्वप्नावस्था दोन्ही ओसरतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं रुग्णदालनांतील रात्रीचा आवाज ३० डेसिबलांवर नसावा असें सुचविलें; प्रत्यक्षांत तो बहुधा पुष्कळ वर असतो. तरीही दोष एकट्या आवाजाचा नाहीं. वेदना, औषधें, उजेड व वारंवारच्या तपासण्या यांचा वांटा मोठा आहे. जुन्या लोकांचा तो वात आज संभ्रम या नांवानें ओळखला जातो. निद्रानाश व संभ्रम हे हातांत हात घालून येतात. त्यांत कारण कोणतें व कार्य कोणतें याचा निकाल अजून लागावयाचा आहे. गुंगीच्या कांहीं गोळ्यांनीं तर तो वाढतोच. २०१८ सालीं अमेरिकेंतील अतिदक्षता-वैद्यांच्या संस्थेनें आपल्या मार्गदर्शनांत वेदना व संभ्रम यांच्या पंक्तीला निद्राभंगासही बसविलें, आणि कानांत बोळे, डोळ्यांवर पट्टी, मंद दिवे असे साधे उपाय सुचविले. चरकाचे उपाय यांहून फार निराळे नव्हते.

आमच्या एका वृद्ध आप्तांच्या उशाशीं अशाच एका विभागांत आम्हीं चार रात्री काढल्या. दोन वाजतां रक्तदाब, चार वाजतां रक्त, पांच वाजतां अंग पुसणें. तिसऱ्या रात्रीं त्यांनीं आम्हांस विचारलें, “गुरें सोडलींस का रे?” गुरें विकून तीस वर्षें झालीं होतीं. चौथ्या रात्रीं पाळीवर आलेल्या परिचारिकेनें डोक्यावरचा दिवा मालवला, डॉक्टरांना विचारून दोन तपासण्या एकाच वेळीं उरकल्या, आणि पुढें चार तास त्यांना कोणी हात लाविला नाहीं. सकाळीं त्यांनीं चष्मा मागितला व वार विचारला. आम्हीं सांगितल्यावर बोटांवर मोजून म्हणाले, “म्हणजे उंब्रजचा बाजार परवां,” आणि चहासाठीं हात पुढें केला.