मुंबईची नौदल गोदी आणि कॅसल बराक्स

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, फोर्ट भागात, लायन गेटाच्या आत पसरलेली जहाजबांधणीची व दुरुस्तीची जुनी गोदी. सध्या ती भारतीय नौदलाच्या पश्चिम विभागाच्या ताब्यात आहे. गोदीला लागूनच जुन्या बॉम्बे कॅसलचे, म्हणजे नंतरच्या कॅसल बराक्सचे, आवार येते. दोन्ही जागांचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १७३५ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला मुंबईत आणले. त्या काळी कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा होता आणि कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमाराला मुंबईतच भरवशाची गोदी हवी होती. इथली पहिली कोरडी गोदी १७५० मध्ये झाली. आशियातली ती पहिली मानतात. तिला जोडून १७६२ मध्ये दुसरी आणि १७६५ मध्ये तिसरी गोदी बांधली गेली. तिन्ही एका रांगेत असल्याने सर्वांत आतल्या गोदीत जायचे जहाज बाहेरच्या दोन्ही गोद्यांतून न्यावे लागे. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो आणि गोदीचे सगळे काम त्याच हिशेबाने चाले. भरतीला जहाज आत घ्यायचे, दरवाजे लावायचे, ओहोटी लागली की पाणी बाहेर सोडायचे. मग ठोकळ्यांवर टेकलेल्या जहाजाच्या बुडावरचे शेवाळ, शिंपले खरवडायचे, सडलेल्या फळ्या बदलायच्या आणि सांधे बुजवायचे. पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत काम उरकले नाही, तर जहाज अडकून पडे. १८०७ ते १८१० या काळात गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाच्या आणखी दोन गोद्या झाल्या.

वाडिया घराण्याने सुमारे दीडशे वर्षे इथले मुख्य कारागीरपद सांभाळले. लवजींचे नातू फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी यांनीही दरमहा १२ रुपयांवर साध्या सुतारकामापासून सुरुवात केली. जहाजाचा कणा मांडताना चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी होई. लाकूड मलबारी सागाचे. इंग्रजी जहाजांच्या ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातल्या तेलामुळे मात्र ते टिकतात. म्हणूनच इथली जहाजे दीर्घायुषी ठरली. जमशेटजींनी बांधलेले ७४ तोफांचे ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरले. ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ मधले. १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला. १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेले आहे.  वाफेचे युग आले तेव्हाही गोदी मागे राहिली नाही. इथेच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझला गेली. याच घराण्यातले अर्देशीर करसेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले.

जहाजांवर लढणारे शिपाई हा या इतिहासाचा फारसा न सांगितला जाणारा भाग. त्यासाठी १७७७ मध्ये मुंबईत मरीन बटालियन उभी राहिली. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये या बटालियनचे ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीचे शिपाई मंगल गाडिया यांना बंडाच्या आरोपावरून मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. ते मैदान आज आझाद मैदान म्हणून ओळखले जाते.

जवळजवळ नव्वद वर्षांनी नौसैनिकांचा दुसरा उठाव झाला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या प्रशिक्षण केंद्रातल्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. तो बंदरातल्या जहाजांवर आणि कॅसल बराक्समध्ये पसरला. २१ तारखेला लष्कराने बराक्सला वेढा घातला, आतून-बाहेरून गोळीबार झाला. संपकऱ्यांसाठी गेटवे ऑफ इंडियाजवळ लोकांनी घरचे अन्न आणून दिले आणि गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. २३ तारखेला संप मागे घेतला गेला, पण शहरात तोवर शेकडो माणसे मारली गेली होती.

१९५१ मध्ये कॅसल बराक्सला सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या स्मरणार्थ ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव देण्यात आले. सुरक्षेच्या कारणास्तव आतल्या गोद्या एरवी पाहता येत नाहीत. रस्त्यावरून दिसते ती मुख्यतः लायन गेटाची कमान आणि जुन्या भिंती.