फुकट बंदराचं बिल कोणी भरलं?

आमच्या धंद्यात एखादं सॉफ्टवेअर फुकट मिळायला लागलं की पहिला प्रश्न पडतो, मग यांचा खर्च भागतो कुठून? सिंगापूरचा इतिहास वाचताना मला हाच प्रश्न पडला.

तर मंडळी, गोष्ट १८१९ सालची. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून भारत-चीन व्यापार चालायचा आणि त्या भागात डचांचा दबदबा. त्यांच्या बंदरात जायचं तर जकात भरा, नियम सांभाळा... ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टॅमफर्ड रॅफल्सने ६ फेब्रुवारीला सुलतान हुसेन आणि तेमेंगगोंग यांच्याशी करार करून सिंगापुरात ठाणं मांडलं. धोरण सोपं होतं, मालावर जकात नाही! चिनी जंक, बुगिस लोकांची गलबतं, इंग्रजांची जहाजं, कोणीही या. माल उतरवा, विका, दुसऱ्याचा भरा आणि निघा. सगळे येतात म्हणून आणखी लोक येऊ लागले. १८१९ मध्ये बेटावर जेमतेम हजारभर वस्ती होती, १८२४ च्या जनगणनेत १०,६८३ माणसं भरली.

पण पोलीस, कचेऱ्या, रस्ते यांना पैसा लागतोच ना? जकात तर नाही. मग तिथला पहिला रेसिडेंट विल्यम फार्कर याने १८२० मध्ये अफू, दारू आणि जुगार यांचे मक्ते लिलावाने द्यायला सुरुवात केली. जुगाराचा मक्ता १८२९ मध्ये बंद झाला, अफूचा मात्र चालूच राहिला आणि पुढे सरकारी उत्पन्नाचा सगळ्यात मोठा आधार बनला. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम द्यायचा, बदल्यात तयार अफू विकायचा हक्क एकट्या त्याचा. कच्ची अफू यायची आपल्याकडून, बिहार-बनारसच्या शेतांतून कलकत्त्याच्या लिलावामार्गे.

आणि गिऱ्हाईक कोण? प्रामुख्याने चिनी मजूर. बंदरावर पोती वाहणारे, गँबियरच्या मळ्यांत राबणारे. अंग ठणकायचं, घर दूर, म्हणून संध्याकाळी अफूचा झुरका. म्हणजे बघा, व्यापाऱ्याची जकात माफ आणि त्याचं ओझं वाहणाऱ्याच्या मजुरीतून राज्यकारभार! १९१० मध्ये सरकारने हा धंदा थेट स्वतःकडेच घेतला. अफूवर पूर्ण बंदी यायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं.

जकातमुक्त बंदराने व्यापार वाढतो, यात वाद नाही. आपल्याकडेही १९६५ मध्ये कांडला आणि १९७३ मध्ये अंधेरीचं सीप्झ याच हिशोबाने उभं राहिलं. फक्त अशी सवलत जाहीर झाली की एवढं विचारावं, कमी पडलेला पैसा कोणाच्या खिशातून येणार?

असो. तुम्हाला काय वाटतं?