१ डिसेंबर १९६७ : तिघांचा ‘ॲक्सिस’

‘जिमी हेन्ड्रिक्स एक्सपिरियन्स’ या तिघांच्या बँडचा दुसरा अल्बम ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ या दिवशी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनिमुद्रण लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत झाले. गिटार आणि बहुतेक गायन हेन्ड्रिक्सचे, बास नोएल रेडिंगचा, ड्रम्स मिच मिचेलचे. पहिल्या बाजूची तयार टेप टॅक्सीत राहिली आणि ती बाजू घाईघाईने पुन्हा मिक्स करावी लागली.

मुखपृष्ठावर आपल्या कॅलेंडरवर असते तसे विष्णूचे विश्वरूप आहे, त्यात या तिघांचे चेहरे बसवलेले. हे हेन्ड्रिक्सलाही रुचले नव्हते, त्याला अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी नाते सांगणारे चित्र हवे होते. श्रद्धेची प्रतिमा अशी परस्पर वापरणे तेव्हाही गैरच होते. २०१४ मध्ये मलेशियाने या मुखपृष्ठावर बंदी घातली.

संगीत मात्र जराही जुने झालेले नाही. यातले ‘लिटल विंग’ हे गाणे जेमतेम अडीच मिनिटांचे. अंगठा गिटारच्या मानेवरून वळवून हेन्ड्रिक्स खर्जाची तार दाबतो. मोकळ्या बोटांनी त्याच कॉर्डमध्ये ब्लूजच्या नाजूक हरकती भरतो. ताल धरायला दुसरा गिटारवादक लागतच नाही. गिटार शिकणारी मुले आजही या गाण्याच्या सुरुवातीच्या काही मात्रांवर तासन्‌तास मेहनत घेतात.